बाबासाहेबांची राजकारणप्रवेशाची शाळा
प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्याच मताधिकाराने दोनदा पराभव दाखविला. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात. त्यानंतर, प्रकृती ढासळलेली असताना, जुलै १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत ‘ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स’ सुरू केले. विधिमंडळात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी असलेल्या या शाळेच्या पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते.

शिकविण्याजोगे त्यांच्यापाशी पुष्कळ होते. समोरचा वाचक पाहून युक्तिवाद बदलण्याची कला तर त्यांनी आयुष्यभर कमावलेली. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू इंग्रजीत, आकडेवारीनिशी मांडली. पुढच्याच वर्षी ‘मूकनायक’मध्ये मराठी वाचकासाठी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. कुठे आकडा चालतो आणि कुठे मनोरा, हे त्यांना अचूक ठाऊक होते. १९३६ च्या स्वतंत्र मजूर पक्षाने गिरणी कामगार आणि कुळांना साद घातली. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले. १९४२ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने मात्र हा मतदार पुन्हा आकुंचित केला. नियोजित रिपब्लिकन पक्षाला तो व्यापक करायचा होता आणि त्यासाठी तयार माणसे हवी होती.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत, २६ अलीपूर रोड येथे, त्यांचे निधन झाले. दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीच्या धामधुमीत, मार्च १९५७ मध्ये, शाळाही बंद पडली.