निर्गुडीचे नाव दूर नेणारा वैद्य

वणेच्या काठाने थोडे चालत गेले, की निर्गुडीची झुडुपे दिसू लागतात. बोटे पसरलेल्या पंजासारखे पान, मागून पांढुरके. शेंड्याला निळसर-जांभळ्या फुलांचे तुरे. गुडघा सुजला, की घरची म्हातारी माणसे हाच पाला गरम करून बांधतात. शास्त्रज्ञ तिला ‘व्हायटेक्स निगुंडो’ म्हणतात. त्यातला ‘निगुंडो’ म्हणजे आपली निर्गुडीच! पूर्वी तिला सागाच्या कुळात घालीत, आता ती (आणि खुद्द सागही!) तुळशीच्या कुळात गेली आहे.

हे नाव युरोपातल्या वाचकांपुढे ठेवणारा गार्सिया द ओर्ता सुमारे १५०१ साली पोर्तुगालमधील कास्तेलो द विदे येथे जन्मला. आईबाप स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. पोर्तुगालातही सक्तीने ख्रिस्ती झालेले. सालामांका व आल्काला येथे वैद्यक शिकून तो लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला होता. तरीही १५३४ साली तो गोव्याला निघून आला. दोनच वर्षांनी पोर्तुगालात धर्मसमीक्षण सभा स्थापन झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या जाण्याचे फारसे नवल वाटत नाही.

येथे तो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य व स्नेही झाला. मुंबई बेटाचा पट्टा मिळाल्यावर तेथे त्याने बाग केली. देशी वैद्यांना व हकिमांना तो मोकळेपणाने विचारी आणि ग्रीक आचार्यांचे म्हणणे अनुभवाला पटले नाही, तर तसे लिही. आम्हांला तरी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. १५६३ साली गोव्यात त्याचा ग्रंथ छापून निघाला. तो संवादरूप आहे: रुआनो नावाचा कल्पित वैद्य शंका विचारतो, ओर्ता उत्तरे देतो. आंबा, नारळ, हिंग, पटकीचा रोग आणि एक संवाद निर्गुडीवर. सूज व दुखणे ह्यांवरील तिचा उपयोग त्याने त्यात नोंदविला आहे. १५६७ साली क्लुसियुस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन सारांश काढला व ग्रंथ युरोपभर गेला.

पण १५६० पासून धर्मसमीक्षण सभा गोव्यातही आली होती. ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळते म्हणून, जिवंत जाळण्यात आले. १५८० साली त्याचीही हाडे थडग्यातून उकरून जाळली.

१७५३ साली लिनियसने आपल्या झुडुपाला ‘निगुंडो’ हे नाव कायम केले. शिवाय अमेरिकेतील एका मेपलची पाने निर्गुडीसारखी दिसतात, म्हणून त्याही वृक्षाच्या शास्त्रीय नावात ‘निगुंडो’ आले आहे.