अण्णा भाऊ साठे : लेखणीने दिलेले आणि समाजाने न दिलेले

लेखक होऊन काय मिळते, हा प्रश्न आपल्या समाजात आजही विचारला जातो. मुलगा कविता लिहू लागला की आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो. शिक्षक, परिचारिका, अभियंता ही शिक्षणाची फळे डोळ्यांना दिसतात. लेखणीचे फळ तसे दिसत नाही. पालकांची ही काळजी खोटी नव्हे. ज्यांच्या मागे ना जमीन ना वाडा, त्यांनी पोटाचा विचार आधी केलाच पाहिजे. परंतु या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्याने देऊन गेलेला एक लेखक याच मातीत होऊन गेला. ते म्हणजे साहित्यरत्न लोकशाहीर अण्णा भाऊ साठे.

अण्णा भाऊंचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी तत्कालीन सातारा, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात वाटेगाव येथे झाला. वडील भाऊराव, आई वालुबाई. घर मांगवाड्यात. ब्रिटिश राजवटीने मांग समाजाच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारलेला होता आणि गावगाड्याने अस्पृश्यतेचा. दोन्ही शिक्के घेऊन जन्मलेल्या या मुलाच्या वाट्याला शाळा आली ती अवघी दीड दिवसाची, असे सांगितले जाते. अक्षर गिरवण्याच्या वयात अपमान पदरी पडला आणि शाळेचे दार कायमचे मागे राहिले.

पुढे पोटासाठी साठे कुटुंब वाटेगावाहून पायी मुंबईला निघाले. वाटेत मिळेल ते काम करीत, मिळेल तेथे मुक्काम करीत हे कुटुंब मुंबईत पोहोचले. भायखळ्याच्या कामगार वस्तीत त्यांनी बिऱ्हाड थाटले. कोळसे वेचणे, हमाली, फेरी आणि पुढे कापड गिरणीतील कामगार अशी पडेल ती कामे तुकारामाने केली. या शहराने त्यांना राबवून घेतले, पण एक गोष्ट दिली. दुकानांवरच्या पाट्या, चित्रपटांची भित्तिपत्रके आणि कामगारांच्या सभांची पत्रके हीच त्यांची बालभारती झाली. जे अक्षर गावच्या शाळेने नाकारले, ते त्यांनी रस्त्यावर उभे राहून मिळवले. लेखक होण्याचा पहिला लाभ त्यांना लेखक होण्याआधीच मिळाला, तो असा.

कामगार चळवळीने या अक्षराला वाचा दिली. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडच्या लढाईवर त्यांनी रचलेला पोवाडा कामगार वस्त्यांतून गाजला. शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पिढ्यान्‌पिढ्या करमणुकीचे साधन मानला गेलेला तमाशा त्यांनी लोकनाट्याच्या रूपाने उभा केला आणि त्यातून खाणावळीतला मजूर, सावकार, गिरणीमालक, पुढारी यांना लोकांसमोर आणले. परंपरेने तमाशाच्या गणात गणपतीचे स्तवन असे. अण्णा भाऊंनी तेथे मायभूमीला वंदन केले. हा बदल वरवर लहान वाटतो. परंतु देवळाच्या पायरीवरही ज्यांना उभे राहू दिले नाही, त्यांच्यातील एक कवी रंगमंचावर कोणाला नमन करायचे हे स्वतः ठरवू लागला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही रचना घरोघर पोहोचली. गावाकडे राहिलेल्या पत्नीचा मुंबईतील श्रमिकाला लागलेला ध्यास आणि महाराष्ट्रापासून तोडलेल्या भूभागाचे दुःख त्यांनी एकाच गाण्यात गुंफले.

शाहिरीबरोबर त्यांची कथा-कादंबरीही बहरली. तीसहून अधिक कादंबऱ्या, दहाहून अधिक कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे आणि एक प्रवासवर्णन एवढा संसार त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांत उभा केला. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतील भीमा पोटासाठी वारणाकाठ सोडून मुंबईला येतो. खाणीतील काम बंद पडल्यावर तो प्रेतांच्या राखेत आणि थडग्यांत सोने शोधू लागतो. अखेर त्याची बोटे जातात आणि त्याच सुमारास खाण पुन्हा सुरू होते. उपासमार माणसाला कोठवर नेते, हे मराठी वाचकाने इतक्या उघडपणे क्वचितच वाचले होते. अण्णा भाऊंच्या लेखनातील माणसे दरिद्री आहेत, पण दीनवाणी नाहीत. ती झुंजतात, हरतात, मान मात्र खाली घालत नाहीत.

याचा कळस म्हणजे १९५९ साली प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी धान्य लुटून वाटणारा आणि इंग्रजी सत्तेशी झुंजणारा मांग वीर मराठी कादंबरीचा नायक झाला. सरकारी दप्तरात जो दरोडेखोर होता, त्याला साहित्याने न्याय दिला. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हे कार्य फार मोलाचे वाटते. दप्तर लिहिणारे हात ज्यांचे, त्यांचाच इतिहास शिल्लक राहतो. अण्णा भाऊंनी दुसरे दप्तर लिहिले. १९६१ साली या कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला आणि त्याच वर्षी अण्णा भाऊ सोव्हिएत रशियाला जाऊन आले. वाटेगावाहून मुंबईला पायी आलेला मुलगा लेखणीच्या बळावर मॉस्कोला पोहोचला.

एका बौद्ध संस्थेच्या स्मरणिकेत अण्णा भाऊंचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. ते मातंग समाजात जन्मले, कम्युनिस्ट चळवळीत घडले. धम्मदीक्षा त्यांनी घेतली नाही आणि बाबासाहेबांच्या पक्षातही ते नव्हते. हे झाकण्याचे कारण नाही. तरीही आपली सर्वश्रेष्ठ कादंबरी त्यांनी अर्पण केली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांनी रचलेले गीत आजही भीमजयंतीला वस्त्यावस्त्यांतून ऐकू येते. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, तर दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर तरलेली आहे, हा विचार त्यांनी तेथे मांडला. पुराणातील एक कल्पना काढून त्या जागी कष्टकऱ्याचा हात ठेवणे, हे बाबासाहेबांच्या विचाराशी नाते सांगणारेच कार्य होते. जातींनी आणि पक्षांनी जे अंतर पाडले, ते लेखणीने ओलांडले. आपण मात्र आजही एकाची जयंती एका वस्तीत आणि दुसऱ्याची दुसऱ्या वस्तीत साजरी करतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या सर्वांतून अण्णा भाऊंना मिळाले काय? पैसा मिळाला नाही. पुस्तके खपली, कथांवर चित्रपट निघाले, ‘फकिरा’ही पडद्यावर आला, पण लेखकाच्या हाती आलेला मोबदला तुटपुंजाच राहिला. त्यांच्या आयुष्याची अनेक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत गेली आणि बरेचसे लेखन तेथेच झाले. अखेरच्या काळात गोरेगावला घर मिळाले, तोवर दारिद्र्य, एकाकीपणा आणि व्यसन यांनी शरीर पोखरले होते. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची ४९ वर्षे पूर्ण होण्यास १४ दिवस उरले होते.

पुढे सारे काही झाले. १९८५ साली त्यांच्या नावाने विकास महामंडळ स्थापन झाले, २००२ साली टपाल तिकीट निघाले, पुतळे उभे राहिले, विद्यापीठांत प्रबंध लिहिले गेले. जिवंतपणी ज्याला सुखाचे छप्पर देता आले नाही, त्याच्या पुतळ्यावर आपण छत्री उभारली. दारिद्र्यात लिहिले म्हणून ते मोठे झाले, असे म्हणण्याची एक रीत आहे. ती आपण सोडून दिली पाहिजे. दारिद्र्याने त्यांना मोठे केले नाही, लवकर नेले. आणखी वीस वर्षे त्यांना मिळाली असती, तर मराठी साहित्य किती समृद्ध झाले असते!

म्हणून लेखणीने दिलेले आणि समाजाने न दिलेले, असे दोन हिशेब वेगळे मांडावे लागतात. लेखणीने अण्णा भाऊंना अक्षर दिले, स्वतःचे नाव दिले, देशोदेशीचे वाचक दिले, आणि आपल्या माणसांना नायक करण्याचा अधिकार दिला. लेखणीने आपले देणे पुरते चुकते केले. बाकी राहिली ती समाजाकडे.

ती बाकी फेडण्याचे मार्ग अवघड नाहीत. आपल्या वसतिगृहातील एखादी मुलगी वहीच्या मागच्या पानावर काही लिहीत असेल, तर ती वही हिसकावू नये, वाचून पाहावी. तिने परीक्षा द्यावी, नोकरी मिळवावी आणि लिहावेही. यांत विरोध नाही. आपल्या लेखकांची पुस्तके फुकट मागू नयेत, विकत घ्यावीत. कार्यक्रमाला बोलावलेल्या कवीला शाल-श्रीफळासोबत मानधनाचे पाकीट द्यावे. आणि १ ऑगस्ट व १४ एप्रिल हे दोन्ही दिवस एकाच मंडपात साजरे व्हावेत. दीड दिवसाच्या शाळेने ज्याला परत पाठवले, त्याची पुस्तके आज आपल्या शाळेतील मुले वाचतात. त्यांच्यातून उद्या जो लिहील, त्याला चिरागनगरची वाट चालावी लागू नये, एवढी जबाबदारी आपली आहे.