कंदिलाच्या काचा पुसणारे गुरुजी



बाईंनी यंदा सांगितले, की प्रत्येकाने एका थोर माणसाचे चरित्र लिहायचे. कोणी शिवाजी महाराज घेतले, कोणी सावित्रीबाई फुले घेतल्या, तिघांनी तर गाडगेबाबाच घेतले. मी साने गुरुजी घेतले. त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे गुरुजी आपल्या जळगाव जिल्ह्यात अमळनेरला शिक्षक होते. अमळनेर काही आपल्याला लांब नाही, आपले लोक तिथे बाजाराला जातात. दुसरे कारण मी पुढे सांगणार आहे.

साने गुरुजींचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात झाला. त्यांच्या गावाचे नाव पालगड. ते रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ आहे. वडिलांचे नाव सदाशिवराव आणि आईचे नाव यशोदा. त्यांचे घराणे आधी चांगले खोताचे होते, पण पुढे गरिबी आली. कर्ज झाले. घरसुद्धा गेले. पण आईची माया काही गेली नाही.

गुरुजींनी आपल्या आईवर ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिले आहे. त्यातला श्याम म्हणजे गुरुजी स्वतःच. आपल्या शाळेच्या पेटीत ते पुस्तक आहे. त्याचे पुठ्ठे निघाले होते, ते आम्ही खळ लावून चिकटवले. त्यात एक गोष्ट आहे. एक म्हातारी मोळी घेऊन चालली होती. मोळी डोक्यावरून पडली. म्हातारीला काही ती एकटीने उचलता येईना. लोक जात येत होते, पण कोणी हात लावीना. कारण त्या काळी शिवाशिव फार होती आणि म्हातारी अस्पृश्य मानलेल्या जातीची होती. श्यामच्या आईने ते पाहिले आणि श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवले. श्यामने मोळी तिच्या डोक्यावर दिली. एवढीच गोष्ट. त्यात राजा नाही, राक्षस नाही, लढाई नाही. तरी ती मला तिसरीपासून पाठ आहे.

मी विचार केला, की मोळी उचलून द्यायला किती वेळ लागला असेल? दहा अंक मोजेपर्यंत काम झाले असेल. पण त्या दहा अंकांत म्हातारीला वाटले असेल, की आपणही माणूस आहोत आणि कोणीतरी आपल्याकडे बघितले.

गुरुजींचे शिक्षण फार हालात झाले. ते दापोलीला शिकले, मग औंधला गेले, मग पुण्याला. औंधला ते एकटे राहायचे आणि हाताने स्वयंपाक करायचे. कधी कधी उपाशीसुद्धा राहायचे. १९१७ साली त्यांची आई वारली. तेव्हा गुरुजी शिकायला लांब होते. आईची शेवटची भेट झाली नाही. हे वाचताना आमच्या वर्गात कोणी खोकलेसुद्धा नाही.

तरी गुरुजींनी शिक्षण सोडले नाही. ते बी. ए. झाले, मग एम. ए. झाले. त्या काळी एम. ए. म्हणजे फार मोठे शिक्षण. त्यांना मोठ्या पगाराची नोकरी बघता आली असती. पण १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. तिथे परगावच्या मुलांसाठी छात्रालय होते. छात्रालय म्हणजे वसतिगृह. त्या छात्रालयाची देखभाल गुरुजींकडे आली.

आता मी खरी गोष्ट सांगते.

छात्रालयातली मुले लहान होती. घरापासून लांब होती. ती सकाळी अंथरुणे तशीच टाकून जायची. कपडे इकडे तिकडे पडायचे. गुरुजी काय करत? ते मुलांना छडी मारत नसत. मुले बाहेर गेली, की ते स्वतः अंथरुणांच्या घड्या घालत. खोली झाडत. वह्या पुस्तके नीट लावत. कोणाचे कपडे मळले असतील तर धूत. कोणी आजारी पडले तर त्याच्या उशाशी बसत. आणि मुलांच्या कंदिलांच्या काचा पुसून ठेवत.

ही कंदिलाची गोष्ट मला नीट समजेना. आपल्याकडे वीज आहे. वीज गेली तर मोबाइलची बॅटरी लावतात. म्हणून मी आजीला विचारले. आजीने माळ्यावरचा जुना कंदील काढला. तिने सांगितले, की कंदील रात्रभर जळला की काचेला आतून काजळी धरते. मग उजेड पिवळा आणि कमी पडतो. अक्षरे दिसत नाहीत, डोळ्यांतून पाणी येते. म्हणून काच रोज पुसावी लागते. ती गरम असताना ओले फडके लावले तर तडकते. गार होऊ द्यायची, मग चुलीची राख कोरड्या फडक्यावर घेऊन आतून फिरवायची. वातीचे जळके टोकही कापायचे, नाही तर ज्योत वेडीवाकडी होते. मोठ्या माणसाचा हात काचेत जात नाही, म्हणून आजीच्या लहानपणी हे काम पोरांकडेच असायचे.

मी आजीपुढे बसून काच पुसली. शंभर अंक तीनदा मोजून झाले तेव्हा ती लख्ख झाली. माझे हात मात्र कोपरापर्यंत काळे झाले. आजी हसली.

मग मला प्रश्न पडला. गुरुजींचा हात तर मोठा होता. ते आतून काच कशी पुसत असतील? बहुतेक काडीला फडके गुंडाळत असतील. आणि एक काच नाही, कितीतरी काचा. संध्याकाळी मुले वाचायला बसत, तेव्हा उजेड स्वच्छ पडत असणार. दिवा लावताना मुलांना समजत असणार, की आपल्यासाठी कोणीतरी हे केले आहे. मला वाटते, की ज्याने औंधला एकट्याने भाकरी थापली, त्यालाच कळते की लांबच्या पोराला रात्री कसे वाटते.

पुढे काय झाले? मुलांना लाज वाटू लागली. आपले गुरुजी एवढे शिकलेले, आणि आपली अंथरुणे घालतात! मग मुले आपली कामे आपणच करू लागली. गुरुजींनी नुसते सांगितले असते तर मुलांनी दोन दिवस ऐकले असते. त्यांनी करून दाखवले म्हणून ते टिकले.

आणखी एक गंमत ऐका. गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढत. त्याचे नाव ‘छात्रालय’. छापखाना नाही, काही नाही. स्वतःच्या अक्षरात लिहायचे आणि मुलांना वाचायला द्यायचे. म्हणजे ते आपल्या भित्तिपत्रकाचे भाऊच झाले की नाही? आपले भित्तिपत्रक महिन्यातून एकदा निघते, तरी आपली बोटे दुखतात. ते तर रोज काढायचे.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला. तेव्हा गुरुजींनी नोकरी सोडली आणि स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले. ते धुळ्याच्या तुरुंगात होते आणि लांब तमिळ मुलखात त्रिचनापल्लीच्या तुरुंगातही होते. तिथे दुसऱ्या प्रांतांचे कैदी होते. गुरुजींनी त्यांच्या भाषा शिकायला घेतल्या. पुढे त्यांनी तमिळ भाषेतले ‘कुरळ’ मराठीत आणले. मला हेही मायेचेच काम वाटते. नवीन माणूस आला, की आपण त्याला आपली भाषा येत नाही म्हणून हसतो. गुरुजी त्याची भाषा शिकत.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी कैद्यांना गीता समजावून सांगत. गुरुजी खाली बसून ते सगळे भराभर लिहून घेत. म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्याला मिळते. पुस्तकावर नाव विनोबांचे आहे. पण लिहून घेणारा नसता तर ते शब्द तुरुंगाच्या भिंतीतच राहिले असते. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. ती फक्त पाच दिवसांत लिहून झाली. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी तिच्यावर सिनेमा काढला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

१९३६ साली आपल्याच जिल्ह्यात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्यासाठीही गुरुजींनी खूप कष्ट केले.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना उघडे नव्हते. दलित बांधवांना आत जाऊ देत नसत. चोखामेळा एवढे मोठे संत, त्यांचीही समाधी बाहेर महाद्वारापाशी आहे. गुरुजींना हे सहन झाले नाही. आधी ते गावोगाव फिरले, लोकांना समजावले. मग १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण सुरू केले. कितीतरी दिवस त्यांनी काही खाल्ले नाही. उन्हाळा होता. शेवटी मंदिर उघडायचे कबूल झाले आणि उपोषण सुटले.

काही जण म्हणतील, की पंढरपूर मोठी गोष्ट आणि कंदील छोटी गोष्ट. मला तसे वाटत नाही. ज्या मुलाने म्हातारीची मोळी उचलून दिली, तोच मोठेपणी पंढरपूरला उपाशी बसला. त्याने आधी मोळीला हात लावला नसता, तर पुढे मंदिराच्या दाराला हात घालायचे बळ आले असते का? छोटी छोटी कामे करूनच मोठ्या कामाची सवय होते. पाढेसुद्धा आपण दोनापासूनच शिकतो.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. सगळ्या भारतातल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांवर प्रेम करावे, असे त्यांचे स्वप्न होते. त्याला ते आंतरभारती म्हणत. ११ जून १९५० रोजी गुरुजी वारले. तेव्हा ते फक्त ५० वर्षांचे होते. आजी म्हणते, ५० म्हणजे काही वय नाही.

आता दुसरे कारण सांगते.

आमच्या वर्गात झाडायची पाळी असते. पाळीच्या दिवशी कोणी कोणी म्हणते, की झाडणे, पाणी भरणे ही पोरींची कामे, पोरांची नाहीत. आमच्या घरीसुद्धा तसेच आहे. जेवण झाले, की ताट उचलते ती आई किंवा मी. दादा उठून हात धुतो आणि बाहेर जातो. आई दिवसभर कापूस वेचून येते. तिचे पाय दुखतात. तरी अंथरुणे तीच घालते.

मग मी विचारते, साने गुरुजी कोण होते? मुलगी होते का? नाही. ते अडाणी होते का? नाही, एम. ए. होते. त्यांना इंग्रज सरकार घाबरत नव्हते का? घाबरत होते, म्हणून तर तुरुंगात टाकत होते. आणि तरी ते अंथरुणे घालत होते, कपडे धूत होते, झाडत होते, काचा पुसत होते. त्याने त्यांचे काही कमी झाले नाही. उलट सगळे लोक त्यांना आईसारखे मानू लागले. पुरुषाला आई म्हणतात, यापेक्षा मोठी पदवी कोणती? एम. ए. तर पुष्कळ असतात.

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, आपल्याकडे आता कंदील नाहीत. पण पुसायला दुसऱ्या काचा आहेत. खिचडी वाढताना पहिलीतल्या पोरांची ताटली सांडते, ती धरायची. वीटभट्टीवरची मुले मध्येच शाळेत येतात आणि मध्येच जातात. त्यांना मागचा धडा दाखवायचा, तोही कोणाला न सांगता, म्हणजे त्यांना वाईट वाटत नाही. पाण्याच्या माठावर झाकण ठेवायचे. म्हाताऱ्या माणसाचे ओझे दिसले, की दहा अंक मोजेपर्यंत हात लावायचा. याला पैसे लागत नाहीत. पहिला नंबरही लागत नाही.

आज भित्तिपत्रक बघायला आई येणार आहे. ती दादाला पण घेऊन येणार आहे. मी त्याला घरी काही बोलले नाही. गुरुजीसुद्धा मुलांना आधी बोलत नसत. मी फक्त हे चांगल्या अक्षरात लिहिले आणि दादाची उंची बघून बाईंना सांगितले, की माझा कागद जरा वर लावा.

साने गुरुजींना माझे वंदन.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी