बेळगावचे धावपटू फडेप्पा दरेप्पा चौगुले

शाळेच्या क्रीडादिनी लांब पल्ल्याच्या शर्यतीत तिसरा मुलगा पोहोचला की टाळ्या थांबतात. मागे राहिलेली कित्येक मुले मग वाटेतूनच मैदानाबाहेर पडतात, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहो. त्या मुलांकरिता, आणि त्यांच्या पालकांकरिताही, हे अल्पचरित्र आम्ही सादर करीत आहो.

फडेप्पा चौगुले यांचा जन्म 1902 साली बेळगाव येथे झाला. त्या काळी बेळगाव मुंबई इलाख्यात मोडत असे. धावण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण तेव्हा आपल्या इकडे कोठून मिळणार? आमच्या काळेवाडीपासून फार दूर नसलेल्या पुण्यात डेक्कन जिमखान्याने 1919 साली क्रीडासामने भरविले, तेव्हा अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांस असे दिसून आले की, ही खेड्यापाड्यांतील मुले अनवाणी व कसल्याही मार्गदर्शनावाचून धावतात, तथापि त्यांचा वेग युरोपियन धावपटूंच्या जवळपास जातो. त्यांनी पुढाकार घेतला, पदरचे द्रव्य खर्चिले, आणि 1920 साली बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानचा पहिला संघ गेला. त्यात चौगुले होते.

ता. 22 ऑगस्ट 1920 रोजी मॅराथॉनची दौड झाली. अंतर 42 किलोमीटर 750 मीटर, म्हणजे काळेवाडीहून निघून लोणावळ्याच्या जवळपास पोहोचण्याइतके! त्यात हवा थंड व पावसाळी. एवढ्या दौडीत सुमारे तीस किलोमीटरनंतर स्नायूंतील साखरेचा साठा संपत येतो, पाय जड होतात आणि मनुष्याचे मन थांबण्यास सबबी शोधू लागते. आरंभी आवेशाने धावणाऱ्यास ही वेळ लवकर गाठते. म्हणून शक्ती जपून वापरणे हेच या दौडीचे खरे कौशल्य होय. त्या दिवशी कित्येकांस दौड अर्ध्यावर सोडावी लागली. चौगुले यांचे सहकारी सदाशिव दातार हे त्यांपैकीच एक होते. त्यांस आम्ही मुळीच दोष देत नाही. देह खरोखर निकामी होऊ लागला असता थांबणे हेही शहाणपणच आहे.

चौगुले यांनी मात्र दौड पुरी केली. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन 2 तास 32 मिनिटांत पहिले आले. चौगुले यांस 2 तास 50 मिनिटे 45 सेकंद लागले व त्यांचा क्रमांक एकोणिसावा लागला. पदक मिळाले नाही; परंतु अठरा वर्षांच्या वयात, परक्या भूमीवर, जगातील निवडक धावपटूंच्या बरोबरीने त्यांनी शेवटची रेषा ओलांडली.

येथे पालकांस एक सूचना करावीशी वाटते. अशा श्रमानंतर स्नायूंतील बारीक तंतू दुखावलेले असतात. ते भरून येण्यास पाणी, सकस अन्न, पुरेशी झोप व काही दिवसांची विश्रांती लागते. दुसऱ्याच दिवशी मुलास पुन्हा धावावयास लावणे हे प्रोत्साहन नव्हे.

पुढे 1927 साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली व दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. चौगुले 1952 साली निवर्तले. आमच्या पुढील क्रीडादिनी एकोणिसावा येणारा विद्यार्थी रेषेपर्यंत धावत येईल, आणि तोपर्यंत टाळ्या थांबणार नाहीत, अशी आम्ही आशा बाळगतो.