दहा मिनिटांचा उजेड



आजचं वाचन स्तोत्रसंहितेतलं, १३९ वं स्तोत्र. माणूस कितीही अंधारात असो, देवाच्या नजरेआड होत नाही, हा त्याचा भाव. आपल्या कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली', शतकानुशतकं निर्धास्तपणे राहत आले. युरोपातल्या ज्यूंच्या नशिबी तो निर्धास्तपणा नव्हता. म्हणून आज ॲन फ्रँकबद्दल.

१२ जून १९२९ ला जर्मनीत, फ्रँकफर्टमध्ये तिचा जन्म झाला. हिटलर सत्तेवर आल्यावर घरचे ॲम्स्टरडॅमला गेले. १९४० मध्ये जर्मन फौजा तिथेही पोचल्या. जुलै १९४२ मध्ये मोठ्या बहिणीला, मार्गोटला, छावणीत हजर व्हायचा हुकूम आला. दुसऱ्याच दिवशी सगळे वडिलांच्या ऑफिसमागच्या खोल्यांत लपले. ॲन १३ वर्षांची होती.

आठ माणसं, २५ महिने. खाली कामगार असायचे, म्हणून दिवसभर दबकून चालायचं, कुजबुजत बोलायचं. बाहेर पाऊल नाही. त्या डिसेंबरात हनुक्का आला, ज्यूंचा दिव्यांचा सण. मेणबत्त्या मोजक्याच, म्हणून दहा मिनिटंच लावल्या, पण गाणं म्हटलं. जठारपेठेत दहा मिनिटं लाइट गेली की आपली किती चिडचिड होते, आठवून बघा.

ॲन काही देवभोळी नव्हती. आईने हाती दिलेल्या प्रार्थना तिला छान वाटल्या, पण मनाला भिडल्या नाहीत. पुढे १९४३ च्या नोव्हेंबरात, एका रात्री झोपताना, तिला मैत्रीण हानेली दिसली, फाटक्या कपड्यांत, खंगलेली. आपण सुरक्षित आणि ती नाही, हे तिला सहन होईना. ती हानेलीसाठी देवाकडे मागू लागली. तिची श्रद्धा अशी दुसऱ्यासाठी मागताना खोल गेली.

४ ऑगस्ट १९४४ ला सगळे पकडले गेले. ॲनला आउशवित्झला, मग बर्गन-बेल्सनला नेलं. तिथे कुंपणापलीकडे हानेली होती, जिवंत! मधे पेंढा भरलेला, चेहरा दिसेना. हानेलीने खाण्याचं पुडकं फेकलं, ते दुसऱ्याच बाईने पळवलं. तिने पुन्हा जमवून पुन्हा फेकलं. या वेळी ॲनला मिळालं.

थोड्याच दिवसांत ॲन तापाने गेली. वय १५. एप्रिल १९४५ मध्ये छावणी मुक्त झाली. हानेली वाचली, जेरुसलेमला जाऊन लहान मुलांची नर्स झाली. लपलेल्या आठांपैकी फक्त ॲनचे वडील परतले, त्यांनी १९४७ मध्ये तिची डायरी छापली.

एक वाचली, एक का नाही? याचं सोपं उत्तर देऊ नये. ते त्या मुलींशी खोटं बोलणं होईल. एवढं मात्र दिसतं, की जिच्यासाठी प्रार्थना केली, तीच अंधारात भाकरी घेऊन कुंपणापाशी आली.

आज रात्री स्वतःसाठी मागण्याआधी एका दुसऱ्याचं नाव घ्या. आणि उद्या त्याला फोन करा.

प्रभो, आमच्याकडे दहा मिनिटांचाच उजेड असला, तरी तो वाटून घ्यायचं धैर्य दे. आमेन.