ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

दौलताबादचा किल्ला चढणाऱ्यास जनार्दनस्वामींचें नांव ठाऊक असतें. त्यांच्याच चरणांपाशीं, ह्या देवगिरीवर, पैठणच्या एकनाथांनीं विद्या संपादिली व पुढें ओवी घरोघरीं नेली. नाथांच्याच काळीं गोव्याच्या साष्टी महालांत एक परदेशी येशूसंघीय धर्मगुरु मराठी शिकत होते. आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवीं त्यांचें चरित्र सांगणें मला उचित वाटतें; कारण देवास बाप म्हणून हांक मारण्यास ज्यांनीं आपल्या भाषेंत शिकविलें, त्यांत ते अग्रगण्य होत.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांत विल्टशायर प्रांतीं बुश्टन येथें झाला. वडील लंडनचे व्यापारी होते. एलिझाबेथ राणीच्या अमदानींत कॅथलिक धर्म पाळणें संकटाचें झालें होतें. ज्या पाउंड नामक मित्रासह रोमला जाण्याचा त्यांचा बेत होता, तो पकडला जाऊन सुमारें तीस वर्षें बंदिवासांत राहिला. स्टीफन्स मात्र निसटले, १५७५ सालीं रोम येथें येशूसंघांत दाखल झाले आणि ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून गलबतानें निघाले.

२४ ऑक्टोबरास ते गोव्यास पोंचले, आणि १० नोव्हेंबरास त्यांनीं वडिलांस एक सविस्तर पत्र लिहिलें. वारे, समुद्राचे प्रवाह, पक्षी, मासे, हिरड्या सुजविणारा रोग, दीडशेंहून अधिक आजारी व सत्तावीस मृत, सर्व कांहीं त्यांत आहे. हें पत्र मला फार मोलाचें वाटतें. दूर गेलेलें लेंकरूं बापास भय आणि नवल दोन्ही सांगतें. आपल्यांतील कित्येकांची प्रार्थना, मीं पाहिलें आहे, कचेरींत दिलेल्या अर्जासारखी असते. मायना बरोबर, पण मनांत धास्ती.

साष्टीची भूमि त्या काळीं दुखावलेली होती. पोर्तुगीज अमलाखालीं तेथील देवळें पाडण्यांत आलीं होतीं. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें पांच येशूसंघीय मारले गेले, आणि सरकारनें त्याचा सूड क्रूरपणें घेतला. हें झांकून ठेवणें बरें नव्हे. जेथें राजसत्तेचा धाक होता, तेथें प्रेमळ बापाची वार्ता कोणास खरी वाटावी? स्टीफन्स यांनीं लोकांची भाषा जिभेवर घेतली. त्याच वर्षीं भावास पाठविलेल्या पत्रांत ह्या भाषांचें ग्रीक व लॅटिन भाषांशीं साम्य त्यांनीं नमूद केलें. त्याच सुमारास राल्फ फिच आदि इंग्रज व्यापारी गोव्यांत तुरुंगांत पडले असतां, धर्मपंथाचा भेद न पाहतां त्यांनीं सुटकेची खटपट केली.

रविवारीं मुलांस धर्मशिक्षण चाललें असतां एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थानें आम्हांस वाचावयास पुराण द्या अशी मागणी केली, असा प्रसंग ग्रंथाच्या आरंभीं वर्णिला आहे. त्यांतून जवळजवळ अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण निर्माण झालें व १६१६ त रायतूर येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें. आरंभींच कवीनें सर्वसमर्थ देवास बाप म्हणून संबोधिलें आहे. जनक, तात असे भारदस्त शब्द संस्कृतांत थोडे नाहींत. पण गुराख्याचा पोर घरीं जो शब्द उच्चारतो तोच त्यांनीं निवडला. विठ्ठलास मायबाप म्हणणाऱ्या देशांत तो परका वाटण्याचें कारण नव्हतें.

१६८४ त सरकारनें देशभाषेविरुद्ध हुकूम काढला, आणि पुढें त्या मूळ छापील प्रती नाहींशा झाल्या. तथापि हस्तलिखितें भाविकांनीं जतन केलीं, व १९०७ सालीं मंगळूर येथें ग्रंथ पुनः छापला गेला.

सुमारें चाळीस वर्षें येथेंच घालवून फादर स्टीफन्स १६१९ त निवर्तले. तीन वर्षांनीं त्यांची कोंकणी ख्रिस्तशिक्षणाची लहानशी पोथी रायतूरहून निघाली. साष्टीचीं मुलें तिच्यावरून देवास बापा म्हणून हांक मारावयास शिकूं लागलीं.