असन्निधानातील आज्ञा : आद्याचार्य श्रीनागदेव

आज्ञेने बांधलेला मनुष्य स्वतंत्र कसा, अशी पृच्छा तरुण वासनिक वारंवार करितात. जीव अनादि अविद्येने बद्ध असता त्याचे स्वातंत्र्य ते कोणते, येथून आरंभ करून प्रमेयाच्या अंगाने उत्तर देता येईल. पण तो विस्तार येथे नको. आद्याचार्य श्रीनागदेव उपाख्य भटोबास यांचे चरित्र डोळ्यांपुढे आणले तरी पुष्कळ उलगडा होतो.

तारुण्यात नागदेव स्वच्छंदी होते, असे परंपरा सांगते. मन नेईल तिकडे जावे, असा तो काळ. रामदेव दादोसांच्या संबंधाने त्यांना सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे सन्निधान लाभले. माता आबाइसा, भगिनी उमाइसा आणि चुलत बहीण महदाइसा याही त्याच मार्गाला लागल्या. सन्निधानात आज्ञा पाळणे त्या मानाने सोपे होते. शंका आली की विचारावे, चुकले की स्वामींनी निवारावे. महदाइसा तर प्रश्नांवर प्रश्न करीत, आणि स्वामींनी त्यांच्या जिज्ञासेचा गौरवच केला. आज्ञाधारक म्हणजे मुका, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी लीळाचरित्रातील महदाइसांच्या लीळा पुन्हा वाचाव्यात.

खरी कसोटी शके ११९४-९६ (इ. स. १२७२-७४) च्या सुमारास आली. स्वामी उत्तरापंथे निघाले आणि नागदेवांना मागे राहावे लागले. ज्यांच्यासाठी सर्वस्व सोडले, त्यांच्याच मागे जाण्यास अवसर नाही! मनाच्या ओढीला त्या दिवशी विचारले असते, तर तिने उत्तरेची वाट दाखविली असती. नागदेव वियोगाने विकल झाले. पण स्वामींच्या आज्ञेप्रमाणे ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. इ. स. १२८७ च्या सुमारास श्रीप्रभूंनीही प्रयाण केले. आता सन्निधान उरले नाही. तेलंग देशी, कर्नाटक देशी जाऊ नये, महाराष्ट्रात असावे, भिक्षा करावी, झाडातळी राहावे, स्मरण करावे, हे सारे सांगणारा समोर नाही आणि मोडले तर दंड करणाराही नाही. राजसत्ता तर या मार्गास अनुकूल नव्हतीच. अशा वेळी भटोबास भक्तपरिवारासह निंबे येथे आले आणि तोच आचार पुढे चालविला. पहारेकरी नसता पाळलेल्या आज्ञेला सक्तीचे नाव कोणत्या न्यायाने द्यावे?

या परिवारात नरेंद्र कवी आले. रुक्मिणीस्वयंवरावर रामदेवराव यादवाने आपली नाममुद्रा मागितली, ओवीमागे सुवर्णनाणे देऊ केले, आणि कवीने ते नाकारले, असे परंपरा सांगते. राजाची मागणी झिडकारणारा तोच मनुष्य भटोबासांपाशी येऊन भिक्षेची झोळी घेतो. येथे त्याला मिळावयाचे काहीच नव्हते.

केशिराजबासांचा प्रसंग मात्र अधिक अवघड आहे. रत्नमालास्तोत्र रचणारे ते संस्कृताचे मोठे पंडित. त्यांनी प्रकरण संस्कृतात रचू इच्छिले तेव्हा भटोबासांनी त्यांना वारिले. कारण सांगितले ते असे की, त्यायोगे मार्गातील म्हाताऱ्या बाया वंचित होतील. पंडित मंडळी संस्कृतात पुसू लागली तेव्हाही, स्वामींनी आपणास मराठीत निरूपिले, तीच भाषा आपण जाणतो, असे त्यांनी स्पष्ट केले. एका विद्वानाची विद्या येथे आखडली गेली, हा आक्षेप मी टाळीत नाही. केशिराजबासांना ते बोचले नसेल, असे मानण्याचेही कारण नाही. पण भटोबासांनी स्वतःची आवड त्यांच्यावर लादली नाही. आचार्य स्वतःही त्याच आज्ञेखाली उभे होते, आणि जिच्यासाठी हे मागितले ती म्हातारी समोर बसली होती. तिच्या कानी पडणारे ज्ञान कोणी पंडिताने अडवू नये, एवढेच त्यांचे मागणे. (आम्ही पाठशाळेत शिकलेले लोक टीपा लिहितो त्या किती जणींना कळतात, हे एकदा आश्रमातील तपस्विनींना विचारावे. प्रस्तुत लेखकाने विचारले आणि तो ओशाळला.)

केशिराजबासांनी ऐकले. दृष्टांतपाठातील दार्ष्टांतिके त्यांनी मराठीत रचली, आणि सूत्रपाठाच्या रूपाने स्वामींची वचनेही त्यांनीच एकत्र केली. भटोबासांच्या पश्चात मार्गाची धुरा बाइदेवबासांकडे आली, तेव्हा ती वचने म्हाताऱ्या बायांच्या मुखी होती.